सहाशे सतरा अंकी कुलूप

माझ्या आईचा जीव सहाशे सतरा अंकी एका संख्येत अडकलाय, हे मला २०४७ च्या जानेवारीत कळलं. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो. पोपट निदान हाताला तरी लागतो. संख्येची मान कुठून धरायची, हे मला गणिताची मास्तरीण असूनही माहीत नव्हतं.

मी सारिका पोरे. कराडला एका शाळेत सत्तावीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवते. मुलं माझ्यामागे मला 'दशांशबाई' म्हणतात, आणि ते का म्हणतात हेही मला माहीत आहे. तोंडी उत्तर देताना कुणी 'सव्वा' किंवा 'अडीच' म्हटलं, की मी त्याला उभं करते. सव्वा बाजारात, वर्गात एक पॉइंट दोन पाच, असा माझा खाक्या. आईला तो कधी पटला नाही. ती वैजयंता पोरे, उभा जन्म ब्लाउज शिवण्यात गेलेली. टेप कायम गळ्यात, पण वापर कमी. समोरच्या बाईकडे एकदा बघून 'पाऊण मीटर लागंल' म्हणायची आणि पाऊण मीटरमध्येच बसवून दाखवायची.

सात वर्षांपूर्वी तिचे हात कापायला लागले. आधी सुईत दोरा जाईना, मग कपातला चहा बशीत यायला लागला, मग घास गिळताना ठसका. कंपवात. गोळ्यांनी दोन वर्षं रेटलं आणि मग सांगलीच्या डॉक्टर इनामदारांनी 'डबी' बसवायचं सुचवलं.

या डबीबद्दल थोडं सांगायला हवं. मेंदूत खोलवर वाटाण्यापेक्षा लहान अशी एक जागा असते. कंपवातात तिथल्या पेशी सगळ्या मिळून एकाच चुकीच्या ठेक्यात बडबडू लागतात आणि त्या बडबडीनं हात थरथरतात. बारीक तारेतून तिथे सेकंदाला शंभरावर विजेच्या टिचक्या मारल्या, की ती बडबड मोडते. हे तंत्र जुनंच. 'निष्कंप' नावाच्या कंपनीनं त्यात भर घातली ती अशी, की गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेली काडेपेटीएवढी डबी मेंदूची बडबड स्वतः ऐकायची आणि टिचक्या कमी-जास्त करायची. आजार मात्र पुढे सरकतच असतो. म्हणून दर अठरा महिन्यांनी डॉक्टरांनी डबीतली सगळी मापं नव्यानं बसवायची. तसं झालं नाही, तर डबीनं स्वतःहून बंद व्हायचं, कारण चुकीच्या टिचक्या मारणारी डबी ही बंद डबीपेक्षा वाईट.

डबी सुरू झाली त्याच्या चौथ्या दिवशी आईनं सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. मग ती दोरा काढून पुन्हा ओवत बसली, असं दहा-बारा वेळा. मी दारात उभी राहून बघत होते. तेव्हापासून पाच वर्षं ती पुन्हा शिवत होती, आणि कराडातल्या निम्म्या नवऱ्यांना बायकोचं ब्लाउज आणायला आमच्या घरचा जिना चढावा लागत होता.

मग निष्कंप कंपनी बुडाली. का बुडाली ते मला नीट कळलं नाही. जानेवारीत आईला घेऊन सांगलीला गेले, तेव्हा इनामदार मॅडमनी दोन वेळा प्रयत्न केला आणि खुर्ची मागे सरकवली. नवी मापं डबी घेत नव्हती. मापांखाली कंपनीची गणिती सही लागायची, आणि सही करणारं आता कुणी उरलं नव्हतं. आईची मुदत होती एकोणीस मार्च. एकदा बंद पडलेली डबी पुन्हा सुरू होत नाही, आणि इतक्या वाढलेल्या आजारात तिच्याशिवाय आईला घासही गिळता आला नसता. डबी काढून दुसरी बसवायची तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, आणि आईचं हृदय मधल्या काळात इतकं कमजोर झालेलं, की मॅडमनी स्पष्ट सांगितलं, मी हिला टेबलावर घेणार नाही. अशा डब्यांची माणसं देशभरात नऊ हजार चारशे होती. बहुतेक सगळी आईच्याच वयाची.

परत येताना आई गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मला म्हणाली, हातात हाय तेवढी ब्लाउजं पुरी करून घेते, लोकांची कापडं अडकायला नकोत.

डबीसोबत मिळालेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ती संख्या छापलेली होती. बारीक टायपात, अकरा ओळी. कुलूप जगाला दिसलं तरी चालतं, किल्ली दिसता कामा नये, या तत्त्वावर ही सगळी यंत्रणा उभी असते. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानंच भाग न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार उघड छापायचा, मूळ संख्या लपवायच्या. ज्याच्याकडे त्या दोन मूळ संख्या, त्यालाच सही करता येते. डबी फक्त गुणाकार वापरून सही खरी की खोटी ते तपासते. एकाहत्तर गुणिले एकोणनव्वद कुणीही करेल, ६३१९. पण ६३१९ देऊन अवयव पाडा म्हटलं, की वर्गातली हुशार पोरंसुद्धा पेन्सिल चावायला लागतात. आणि संख्या सहाशे अंकी असली, तर जगातले सगळे साधे संगणक सूर्य विझेपर्यंत पेन्सिल चावत बसतील.

मी मुलांना करायला लावते ते सगळं त्या संख्येवर करून पाहिलं. विषम. अंकांची बेरीज २७८३, म्हणजे तीननं भाग नाही. सातनं नाही, अकरानं नाही. पूर्ण वर्ग नाही. मूळ संख्या तर नाहीच. 'दोनच मूळ अवयव असलेली संयुक्त संख्या' एवढं तिचं वर्गीकरण करून मी थांबले. हे म्हणजे चोराचं नाव, गाव, उंची सगळं माहीत, फक्त चोर सापडत नाही.

हे अवयव पाडू शकणारा क्वांटम संगणक आपल्याकडे तोवर आलेला होता, एका सरकारी केंद्रात. पण असा संगणक आल्याबरोबर कायदाही आला होता: दुसऱ्याचं कुलूप त्याच्या लेखी संमतीशिवाय त्या यंत्रावर फोडायचं नाही. कायदा योग्यच होता. मी अर्ज केला. उत्तर आलं, कुलपाच्या मालकाचं संमतीपत्र जोडावं. मी कळवलं, मालक कंपनी अस्तित्वात नाही. उत्तर आलं, तसं असल्यास कंपनीकडून तसा दाखला घेऊन जोडावा. हे पत्र मी आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

शेवटी शोधत शोधत मी फलटणला पोहोचले, नंदकिशोर तांबट यांच्या दारात. निष्कंपमध्ये बारा वर्षांपूर्वी हे कुलूप ज्यांनी बनवलं ते इंजिनिअर. अडुसष्ट वर्षांचे, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. चहा दिला त्यांनी, पण मी संख्येचा विषय काढल्यावर त्यांचा चेहरा उतरला. किल्लीच्या दोन संख्या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्या एका चिपमध्ये तयार झाल्या, तिथेच राहिल्या, आणि कंपनीच्या लिलावात ती चिप भंगारात गेली.

उठताना मी सहज विचारलं, संख्या निवडल्या कशा? त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, पहिल्या वेळी चूक झाली होती. चिपनं एक मूळ संख्या निवडली, आणि दुसरी म्हणून तिच्या लगेच पुढची मूळ संख्या घ्यायला मी सांगितलं. बाहेरून आलेल्या तपासनिसानं ते पकडलं आणि चारचौघांत झापलं.

झापणारच. संख्या जवळजवळ असल्या की कुलूप आठवीतल्या पोरालाही उघडतं. ४८९१ घ्या. सत्तरचा वर्ग ४९००. त्यातून नऊ वजा केले की ४८९१, आणि नऊ हा तीनचा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी: सत्तर अधिक तीन, सत्तर वजा तीन. झाले अवयव, ७३ आणि ६७. संख्या सहाशे अंकी असली तरी हीच युक्ती, फक्त दोन्ही अवयव एकमेकांना चिकटून हवेत.

"मग मी त्यांना लांब केलं," तांबट म्हणाले. "दुसरी शोधायला सुरुवात पहिलीच्या काही पट पुढून केली. किती पट, ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी यंत्राचं उद्घाटन होतं, प्रयोगशाळेत सत्यनारायण घातलेला, निम्मी माणसं केळीचे खांब बांधत होती. त्या गडबडीत काहीतरी आकडा टाकला आणि मोकळा झालो." आणि मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघत म्हणाले, "माझं नाव कुठे घेऊ नका, मॅडम. एवढं करा."

फलटणहून कराडला मी हवेत तरंगत आले. तांबट यांनी एक चूक टाळायला दुसरी केली होती. दोन संख्या लांब असल्या, पण ठरावीक पटीनं लांब असल्या, तर ती पट ओळखणाऱ्याला त्या तितक्याच जवळ असतात. समजा दुसरी पहिलीच्या दीडपट आहे. मग पहिलीची तिप्पट आणि दुसरीची दुप्पट जवळपास सारखी. कुलपाच्या संख्येला त्या हिशेबानं गुणून घेतलं, की पुन्हा तीच आठवीतली युक्ती. आणि कायद्यात क्वांटम संगणकाला बंदी होती, आठवीच्या सूत्राला नव्हती. प्रश्न फक्त पटीचा.

माझा सिद्धांत असा, की घाईतला माणूस दशांश चिन्हापुढे एकच अंक टाकतो. एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन, असं करत मी नऊ पॉइंट नऊपर्यंत गेले. शाळेतून आले की लॅपटॉपसमोर. काही लागेना, म्हणून प्रत्येक पटीत आणखी खोल खणायला घेतलं. पंधरा दिवस मी त्याच त्याच विहिरी खणत होते. इकडे आईच्या डबीनं मुदत जवळ आल्याचं सांगायला ताकद हळूहळू उतरवायला सुरुवात केली होती. सकाळी तिचा डावा हात मांडीवर थरथरत असायचा आणि ती त्याच्यावर उजवा हात ठेवून बसायची, म्हणजे मला दिसू नये.

नऊ मार्चला तिनं सत्यनारायण घालायचं काढलं. डबी बंद व्हायच्या आत, स्वतःच्या हातानं प्रसाद वाटायचा, म्हणाली. माझा या सगळ्यावर विश्वास नाही हे तिला माहीत आहे, आणि रवा मलाच भाजावा लागणार हेही तिला माहीत होतं. सकाळी नऊची वेळ. किलोचा पुडा फोडला, डब्यातला उरलेला रवा त्यात ओतला आणि काट्यावर ठेवला. एक किलो दोनशे ग्रॅम. मी म्हटलं, एक पॉइंट दोन, पुरे झालं.

"पुरे न्हाई," आई म्हणाली. "सव्वा लागतो."

"पन्नास ग्रॅमसाठी देव रुसणार आहे का?"

"देवाचं कुटं काय असतंय त्यात. कापड बरोब्बर कापावं. परसादाला, नव्या कामाला, लेक सासरी धाडताना बरोब्बर मोजू नये. एकावर पाव ठेवावा. येणाऱ्याला कमी पडू नये म्हणून असतो तो पाव." आणि वर म्हणाली, शेजारच्या खटावकर बाईंकडून पन्नास ग्रॅम रवा मागून आण, त्यात काय लाज.

मी वाटी घेऊन दारापर्यंत गेले, पन्नास ग्रॅम रवा घेऊन आले, कढई गॅसवर ठेवली, तूप घातलं, रवा परतायला लागले. आणि हात थांबला. प्रयोगशाळेत सत्यनारायण. केळीचे खांब. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप, दिवसभर प्रत्येकाच्या तोंडी तो एकच शब्द. आणि त्यातच एक माणूस, ज्याला उद्याच्या नव्या कामासाठी एक पट निवडायची आहे.

सव्वा म्हणजे एक पॉइंट दोन पाच. दशांश चिन्हापुढे दोन अंक. माझ्या सिद्धांतात तो बसतच नव्हता. ज्या शब्दासाठी मी सत्तावीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, तो शब्द मी माझ्या डोक्यातूनही हाकलून दिला होता. दशांशबाई.

मी उलथनं कढईत टाकून लॅपटॉपकडे धावले. दुसरी संख्या पहिलीच्या सव्वापट असेल, तर पहिलीची पाचपट आणि दुसरीची चौपट जवळपास सारखी असायला हवी. एकाहत्तर आणि एकोणनव्वद आठवा: एकाहत्तरची पाचपट ३५५, एकोणनव्वदची चौपट ३५६. पाच चोक वीस, आणि सम-विषमाचा घोळ नको म्हणून त्याची चौपट, ऐंशी. पुस्तिकेतल्या संख्येला ऐंशीनं गुणलं, वर्गमूळ काढलं, आणि जवळच्या पूर्णांकांचे वर्ग घेऊन वजाबाकी बघायला यंत्राला सांगितलं.

दोन सेकंदसुद्धा लागले नसतील. पडद्यावर दोन संख्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी तीनशे नऊ अंकांच्या. मी त्यांचा गुणाकार केला आणि पुस्तिकेशी पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवला. सगळे अंक जुळले. मग मी तिथेच, जमिनीवर बसून रडले. इतकं, की आई भिंतीला धरत धरत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, सापडली. किल्ली सापडली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण रवा करपलाय."

करपलेल्या रव्याचा शिरा त्या दिवशी पन्नास माणसांनी खाल्ला आणि कुणी नाव ठेवलं नाही. लोकांचे माझ्यावर उपकारच म्हणायचे.

खरा घोर मात्र दुसऱ्या दिवशी सांगलीला गेल्यावर लागला. इनामदार मॅडमनी दोन संख्यांचा तो कागद वाचला, आणि आनंदाऐवजी त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. नऊ हजार चारशे डब्यांना हे एकच कुलूप होतं. मी युक्ती जाहीर केली, तर संध्याकाळपर्यंत कुठलाही भुरटा कुणाच्याही मेंदूत हवी तशी टिचकी मारू शकला असता. आणि गप्प राहिले, तर आईची डबी चालू झाली असती आणि बाकीच्यांच्या तारखा एकामागून एक उलटल्या असत्या. त्यांत मिरजेतले एक शाळामास्तर होते, त्यांची तारीख आईच्या नंतर चारच दिवसांनी.

मार्ग मॅडमनीच काढला. जुन्या किल्लीनं डबीला एकच हुकूम द्यायचा: हे कुलूप टाकून दे आणि नवं घे, प्रत्येकाचं वेगळं, आणि सोबतची नवी मापं लावून घे. डबीला हुकूम द्यायला यंत्र छातीला टेकवावं लागतं, म्हणजे माणूस दवाखान्यात यायलाच हवा. देशातल्या ठरावीक डॉक्टरांना विश्वासात घ्यायचं, गाजावाजा न करता सगळ्यांना बोलवायचं. शेवटच्या माणसाचं कुलूप बदलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग ती संख्या निरुपयोगी, आणि जाहीर करायला हरकत नाही. फक्त हुकूम कोणत्या साच्यात लिहायचा, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. आणि डबी दोनच चुकीच्या सह्या सहन करायची. इनामदार मॅडमच्या दोन जानेवारीतच वाया गेल्या होत्या. तिसरी चुकली की डबी कायमची बंद.

साचा माहीत असलेला एकच माणूस होता. या खलबतात तीन दिवस गेले होते. तेरा मार्चला मी फलटणला फोन केला आणि म्हटलं, तांबट साहेब, सव्वा. पलीकडून इतकंच ऐकू आलं, "हो. सव्वाच." त्यांना आता सगळं दिसत होतं. हे बाहेर आलं की नऊ हजार माणसांच्या मेंदूवर कच्चं कुलूप लावणारा इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव होणार होतं. मी त्यांना तसं सांगितलंही, कारण फसवून बोलावणं मला जमलं नसतं. ते म्हणाले, उद्या सकाळच्या एसटीनं येतो.

चौदा मार्चला सांगलीच्या दवाखान्यात ते आईच्या समोर बसले. साचा त्यांनी कागदावर लिहून काढला, खोडला, पुन्हा लिहिला. अनुक्रमांक आधी की तारीख आधी, याची त्यांना पक्की खात्री नव्हती. तपासायला सुटी डबी कुठे उरली नव्हती, सगळा माल भंगारात गेलेला. म्हणजे पहिला प्रयोग कुणाच्या तरी अंगातल्या डबीवरच करावा लागणार होता. मॅडम म्हणाल्या, ज्याच्या तिन्ही संधी शिल्लक आहेत असा दुसरा रुग्ण आठवडाभरात मिळेल, तोवर थांबू. आईची मुदत पाच दिवसांवर होती. तांबट उठून उभे राहिले. कागद त्यांनी मॅडमकडे सरकवला. ते म्हणाले, माझ्याच्यानं होणार नाही, मी एकदा चुकलोय.

"भाऊ, बसा," आई म्हणाली. "बाई पयल्यांदा ब्लाउज बेततीया, तवा लोकाच्या कापडावर न्हाई बेतत. आपल्याच कापडावर बेतती. हे माजं कापड हाय. काढा तुमी माप."

ते बसले. पाच मिनिटं डोळे मिटून होते. मग म्हणाले, तारीख आधी. मी सही तयार केली, मॅडमनी यंत्र आईच्या गळ्याखाली टेकवलं. डबी काही बोलत नाही, दिवा लागत नाही. आम्ही तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो थरथरत होता, थरथरत राहिला, मी मनात आकडे मोजत होते आणि एकविसाव्या आकड्याला तो थांबला. आईनं तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि पदरानं डोळे पुसले. त्याच हातानं.

पुढचे पाच महिने मी तोंडाला कुलूप लावून काढले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, हे माझ्या शाळेतल्या कुणालाही विचारा. तांबट गावोगावच्या दवाखान्यांत फिरत होते, स्वखर्चानं, डॉक्टरांना साचा समजावून देत. मिरजेच्या मास्तरांच्या डबीचं कुलूप मुदतीआधी दोन दिवस बदललं. सगळेच मिळाले असं नाही. एकशे बारा माणसांपर्यंत आम्ही वेळेत पोहोचलो नाही, त्यांची यादी मी अजून जपून ठेवली आहे. ऑगस्टच्या शेवटी शेवटचं कुलूप बदललं आणि मी सगळी हकिगत जाहीर केली. तांबट यांचं नाव मी लिहिणार नव्हते. त्यांनी स्वतःच फोन करून घालायला लावलं.

त्यावर व्हायचं ते झालं. परदेशातल्या एका विद्वानांनी लिहिलं, की हा धोका जुन्या पुस्तकांतही सापडतो, कुणाच्याही लक्षात यायला हवा होता. खरंच यायला हवा होता. वर्तमानपत्रांनी तांबट यांना यथेच्छ सोलून काढलं. एका दैनिकानं 'दीडशहाणा' असा मथळा दिला. त्यांची पट मात्र दीड नव्हती, आणि दीड असती तर मी फेब्रुवारीतच मोकळी झाले असते. मी कुलूपशास्त्रातली तज्ज्ञ नाही. मला इतकंच माहीत आहे, की त्यांनी ते काम निर्दोष केलं असतं, तर माझी आई, आणि नऊ हजारांवर माणसं, एका पक्क्या कुलपाच्या आत थरथरत संपली असती. हे मी जिथे मिळेल तिथे बोलले. फार कुणी छापलं नाही.

सप्टेंबरात आईनं त्यांना जेवायला बोलावलं. ते आले, पण पहिल्या दिवशीसारखेच खांद्याकडे बघत होते. पुरणपोळी वाढली, खाल्ली त्यांनी, पण प्रत्येक घासाला अवघडल्यासारखे. शेवटी पाटावरूनच हात जोडून म्हणाले, ताई, मला माफ केलंत असं एकदा तोंडानं म्हणा, म्हणजे मी जायला मोकळा. आई उठून कपाटातून एक पाकीट घेऊन आली.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक माणसाच्या कुलपाची किल्ली त्याच्याच हाती दिलेली होती. दोन मूळ संख्या, दोन वेगळ्या कागदांवर. एक आपल्याजवळ ठेवायची, दुसरी विश्वासातल्या कुणाकडे द्यायची. कागद हरवला, जळला, तरी एका संख्येवरून दुसरी मिळते, म्हणून ही सोय. आईची दुसरी संख्या मला मिळणार, असं मी गृहीत धरून होते. मी लेक, त्यात गणित शिकवणारी.

आईनं दोन कागदांतला एक काढला आणि तांबट यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा तुमच्याकडं असू द्या," ती म्हणाली.

तांबट यांचा हात पुढे येईना. मी आईला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावायला लागले, की आई, हा काही अर्धा कागद नाही. तुझ्या नव्या कुलपाच्या उघड संख्येला या संख्येनं भागलं, की दुसरी आपोआप निघते. ज्याच्याकडे हा एक कागद, त्याच्याकडे तुझी सगळी किल्ली. तुझा अख्खा जीव.

"ठावं हाय मला," आई म्हणाली, आणि तांबट यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चवथी शिकलीया मी. भागाकार येतो."

तांबट यांनी उष्टा हात पुसला, तो कागद दोन्ही हातांनी उचलला आणि कपाळाला लावला. मग ते मान खाली घालून रडले, आणि आईनं त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.